कॅमेऱ्याचा ईएमआय सुरू करण्याआधी: घरातल्या फुलाचा फोटो, मागचा ब्लर आणि ‘विंटेज’ रंग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलमध्ये इअरफोन घरी विसरून आलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त ‘अं… म्हणजे…’ तेवढे काढून टाकलेत.

गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून आला. ‘फुलाचा फोटो काढायचाय, मागचं सगळं मस्त धूसर हवंय, आणि रंग जुन्या फोटोसारखे हवेत. कुठला कॅमेरा घेऊ?’ प्रश्न विचारणारे बहुतेक जण नुकतेच नोकरीला लागलेले किंवा अजून शिकणारे. म्हणजे कॅमेरा घ्यायचा तर ईएमआय आलाच. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, फोटोग्राफी हा माझा शनिवार-रविवारचा उद्योग. पण इंजिनिअर असल्यामुळे एक खोड आहे. पैसे खर्च करण्याआधी गणित करून बघायचं. तर आज ते गणित करू, मग खिडकीपाशी जाऊ, आणि शेवटी त्या ‘विंटेज’ प्रकरणाकडे वळू. उदाहरणाला एकच फूल घेऊ, आपलं साधं लाल जास्वंद. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत मिटतं. म्हणजे हातात वेळ एकच दिवस.

आधी ब्लर. फोटोत पुढून मागे जितका पट्टा स्पष्ट दिसतो, त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. हा पट्टा पातळ असला की फूल स्पष्ट आणि मागची भिंत, कपाट, वाळत घातलेला टॉवेल वगैरे सगळं विरघळून जातं. त्या विरघळण्याच्या पोताला फोटोग्राफर ‘बोके’ म्हणतात. शब्द जपानी आहे, अर्थ धूसरपणा.

हा ब्लर किती मिळणार, हे लेन्सच्या भोकावर ठरतं. भोक म्हणजे ज्यातून प्रकाश आत येतो ते अ‍ॅपर्चर. फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये ‘एफ १.८’ लिहिलेलं असतं, आणि कॅमेऱ्याच्या ५० एमएम लेन्सवरही ‘एफ १.८’ लिहिलेलं असतं. मग दोन्ही सारखे? नाही. एफ १.८ म्हणजे फोकल लेंग्थ भागिले १.८. ५० एमएम लेन्सचं भोक झालं साधारण २८ मिलिमीटर, म्हणजे आपलं १० रुपयांचं नाणं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ असते ६ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे भोक झालं जेमतेम ३ मिलिमीटर. ज्वारीचा दाणा! नाणं विरुद्ध ज्वारीचा दाणा, अशी ही मॅच आहे.

इथे बरेच लोक हार मानतात आणि शॉपिंग अ‍ॅप उघडतात. थांबा. एक साधा नियम आहे. फुलाच्या जागी मोजपट्टी धरली आहे असं समजा. मागे खूप लांब असलेला एक प्रकाशाचा ठिपका ब्लर होऊन जो गोल बनतो, तो त्या पट्टीवर मोजला तर जास्तीत जास्त भोकाएवढाच असतो. फोनसाठी ३ मिलिमीटर, ५० एमएमसाठी २८. त्यापेक्षा मोठा होतच नाही.

आता प्रश्न असा की ३ मिलिमीटर म्हणजे जास्त की कमी? ते फ्रेमवर ठरतं. जास्वंद जवळून घेतलं आणि फ्रेमची छोटी बाजू १२ सेंटिमीटर ठेवली, तर ३ मिलिमीटर म्हणजे फ्रेमचा चाळिसावा भाग. भरपूर झाला. कॅमेरावाला मित्र ५० एमएमने गुडघ्यापासून वर अख्खा माणूस घेतो, तेव्हा त्याच्या फ्रेमची छोटी बाजू असते साधारण १२० सेंटिमीटर. त्याचे २८ मिलिमीटर म्हणजे फ्रेमचा साधारण त्रेचाळिसावा भाग. बघितलंत? त्याच्या पोर्ट्रेटमध्ये जेवढा ब्लर दिसतो, जवळपास तेवढाच ब्लर तुमच्या फोनला फुलासाठी मिळतो. खराखुरा, लेन्समधून आलेला. माणसाच्या फोटोत फोन हरतो, पण फुलाच्या फोटोत तो मैदानात टिकून असतो. कारण फूल लहान आहे आणि तुम्ही जवळ जाऊ शकता. अर्थात त्याच मित्राने कॅमेरा फुलावर रोखला तर तो पुढे जाईल, पण आपल्याला मॅच जिंकायची नाहीये, फोटो काढायचाय.

किती जवळ? फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. फुलापासून जितकं अंतर, साधारण तितकीच फ्रेमची छोटी बाजू. १२ सेंटिमीटरवर फोन, १२ सेंटिमीटरची फ्रेम.

आणि मागची भिंत किती लांब हवी? हे मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण आपल्यापैकी अनेक जण पीजीत किंवा वन आरकेमध्ये राहतात. फोन ते फूल जितकं अंतर आहे, तितकीच भिंत फुलाच्या मागे असेल तर जास्तीत जास्त ब्लरच्या निम्मा मिळतो. तिप्पट लांब असेल तर पाऊण. नऊपट असेल तर ९० टक्के. फोन १२ सेंटिमीटरवर असेल तर नऊपट म्हणजे १०८ सेंटिमीटर. एका मीटरच्या थोडं वर! त्याच्या पुढे हॉल कितीही मोठा असला तरी फरक फारसा पडत नाही. म्हणजे बंगला नको, स्टुडिओ नको. फुलाची बाटली भिंतीला टेकवून ठेवायची नाही, टेबल भिंतीपासून मीटरभर ओढायचं, बस.

आता दोन ठिकाणी फोन तुम्हाला न विचारता गडबड करतो, ती लक्षात ठेवा.

पहिली गडबड मॅक्रोची. फोन फुलाच्या फार जवळ नेला की बरेच फोन गुपचूप अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात. त्या लेन्सचं भोक असतं जेमतेम १ मिलिमीटर. मग फूल मोठं दिसतं, पण मागचं कपाटही स्पष्ट दिसायला लागतं. ओळखायचं कसं? एकेका लेन्सवर बोट ठेवून बघा. ज्या बोटाने स्क्रीन काळी झाली, ती लेन्स चालू आहे. तसं होत असेल तर सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो बंद करा, २० सेंटिमीटरपर्यंत मागे या आणि नंतर क्रॉप करा. क्रॉप केल्यावर फ्रेम लहान होते, भोक तेवढंच राहतं, म्हणून ब्लर टिकतो. स्वस्त फोनमध्ये २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा असतो, त्याच्या नादी न लागलेलं बरं.

दुसरी गोष्ट पोर्ट्रेट मोड. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने दोन कॅमेऱ्यांच्या मदतीने हे आणलं, २०१७ मध्ये गूगल पिक्सेल २ ने एकाच कॅमेऱ्यात करून दाखवलं. सॉफ्टवेअर म्हणून मला त्याचं प्रचंड कौतुक आहे. पण आत काय होतं बघा. फोन अंदाज लावतो की कुठला पिक्सेल जवळचा, कुठला लांबचा. मग कात्री लावल्यासारखा एक मास्क बनवतो आणि मास्कच्या बाहेरचं धूसर करतो. माणसाचा चेहरा त्याच्या ओळखीचा असतो. जास्वंदाच्या मधून बाहेर आलेला तो लांब दांडा, त्यावरचे पिवळे परागकण, पाकळीची झालरीसारखी कड, हे सगळं मास्कला पकडणं अवघड जातं. कुठे परागकण धूसर होतो, कुठे दोन पाकळ्यांच्या फटीतली भिंत स्पष्ट राहते. म्हणून फुलासाठी पोर्ट्रेट मोड बंद. साधा फोटो मोड, मुख्य कॅमेरा. तुमच्याकडे खरा ब्लर आहे, मग खोटा कशाला?

ओके, आता खिडकीपाशी या.

घरातले दिवे बंद करा. ट्यूबचा एक रंग, पिवळ्या बल्बचा दुसरा, खिडकीच्या उजेडाचा तिसरा. फोन कुणाचं ऐकणार? फक्त खिडकी ठेवा. फूल खिडकीपासून हातभर आत, आणि उजेड समोरून नाही तर बाजूने येऊ द्या. बाजूच्या उजेडात पाकळीवरच्या शिरा उठून दिसतात. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद, थर्माकोलचा तुकडा, नाहीतर चक्क डब्याचं पांढरं झाकण उभं करा. सावलीची बाजू जराशी उजळते. उत्तरेची खिडकी असेल तर हिवाळ्यात तिच्यातून थेट ऊन येत नाही, मऊ उजेड येतो. आणि पावसाळ्यात तर कुठलीही खिडकी चालते. ढग म्हणजे आकाशभर पसरलेला पांढरा पडदाच.

आणि पंखा बंद! हे मी मुद्दाम ओरडून सांगतोय. आपल्या घरात पंखा इतका कायम चालू असतो की तो आहे हेच आपण विसरतो. फूल मिलिमीटरभर हललं तरी एवढ्या जवळून फोटो हललेला दिसतो. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा, ३ सेकंदांचा टायमर लावा.

आता फोकस. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा पट्टा उरतो साधारण १ सेंटिमीटरचा. जास्वंदाचा दांडा त्याच्यापेक्षा कितीतरी लांब. मग निवड करावी लागते. फूल समोरून घेतलं तर दांड्याच्या टोकावरचे ते पाच लाल ठिपके स्पष्ट ठेवा, पाकळ्या मागे विरघळू द्या. अख्खा दांडा स्पष्ट हवा असेल तर बाजूने घ्या, म्हणजे तो फोनला समांतर येईल. दोन्ही बरोबर आहेत, फक्त ठरवा. स्क्रीनवर त्या जागी बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा.

उजेड कमी का, तर लाल रंगामुळे. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. जास्वंदाचा लाल इतका जोरकस असतो की फोटो एकूण ठीक दिसत असतानाही लालचा आकडा २५५ला जाऊन धडकतो. सगळ्या पाकळीभर २५५, २५५, २५५. मग शिरा कुठे दिसणार? प्लास्टिकचं फूल वाटतं. झेंडूचंही हेच होतं. आणि २५५ला धडकलेली माहिती फाइलमध्येच नसते, एडिटिंगने परत येत नाही. म्हणून फोटो काढताना थोडा अंधारा काढा, नंतर उजळवता येतो. मोगऱ्याचं उलटं. पांढरं फूल फ्रेमभर असेल तर फोन त्याला राखाडी करायला बघतो, तिथे उजेड किंचित वाढवा, फक्त पाकळीची कड जळू देऊ नका.

एक गोष्ट मध्येच सांगतो, नाहीतर असं वाटेल की ब्लर म्हणजेच चांगला फोटो. इमोजेन कनिंगहॅम नावाची अमेरिकन फोटोग्राफर होती. १९२०च्या दशकात घरात लहान मुलं होती, बाहेर जाणं अवघड होतं, म्हणून तिने घरच्या बागेतली फुलं आणि झाडं टिपायला सुरुवात केली. तिचा १९२५चा मॅग्नोलियाच्या फुलाचा फोटो शोधून बघा. फुलाचा गाभा इतका स्पष्ट की मोजून घ्यावा. पुढे १९३२ मध्ये ती आणि काही मित्र ‘ग्रुप एफ ६४’ म्हणून एकत्र आले. एफ ६४ म्हणजे अगदी बारीक भोक, म्हणजे सगळं स्पष्ट. त्यांनी धूसरपणा मुद्दाम नाकारला. तर ब्लर हा नियम नाही. मागच्या गोष्टींमधून काय काढून टाकायचं, याचा तो निर्णय आहे. मागे आईचा ओटा असेल आणि तो तुम्हाला हवा असेल, तर राहू द्या की.

आता विंटेज.

अ‍ॅपमधलं ‘विंटेज’ बटण दाबण्याआधी एक विचारू. जुना फोटो जुना का दिसतो? १९७०-८०च्या दशकातला घरचा लग्नाचा अल्बम काढा. रंगीत फोटो तांबूस झालेले दिसतील. रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यं असतात, निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा आणि पिवळं. त्या काळच्या बऱ्याच कागदांवर, बंद अल्बमच्या अंधारातसुद्धा, सायन आधी उडायचा. निळसर गेला की उरतो तांबूस. रंगद्रव्य कमी झालं की काळा रंगही काळा राहत नाही, करडा-तपकिरी होतो. पांढरा कागद पिवळा पडतो. म्हणजे ज्याला आपण ‘विंटेज लुक’ म्हणतो, तो बऱ्याच वेळा झीज झाल्याचा पुरावा असतो. ते लग्न झालं त्या दिवशी ते फोटो असे नव्हते.

सगळंच झिजेमुळे नाही, हेही खरं. ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये ऑटोक्रोम नावाच्या रंगीत काचा बाजारात आणल्या. त्यात बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले बारीक कण होते. हो, बटाटा! त्या कणांमुळे रंग ठिपक्याठिपक्यांचे, मऊ दिसायचे. एक्सपोजर लांब लागायचं, म्हणून न हलणारी फुलदाणी त्यांच्या फार सोयीची. तिथला मऊपणा पहिल्या दिवसापासूनचा होता.

हे कळलं की फिल्टर लागत नाही, स्वतः करता येतं. स्नॅपसीड किंवा लाइटरूम, जे असेल ते उघडा. ओरिजिनल फाइल तशीच ठेवा, कॉपीवर काम करा. मग या क्रमाने जा.

एक, कर्व्हज उघडा आणि डावीकडचा सगळ्यात खालचा बिंदू किंचित वर उचला, ०वरून २०-२५ पर्यंत. काळ्याचा करडा होतो, उडालेल्या शाईसारखा. दोन, निळ्या चॅनलच्या कर्व्हचा उजवीकडचा वरचा बिंदू थोडा खाली आणा. पांढऱ्यात कागदी पिवळेपणा येतो. तीन, पानांच्या हिरव्याचं सॅच्युरेशन कमी करा आणि तो हिरवा जरा पिवळ्याकडे ढकला. आताचा डिजिटल हिरवा हीच सगळ्यात मोठी चुगली असते. चार, थोडा ग्रेन टाका. मागचा ब्लर फार गुळगुळीत असतो, ग्रेनमुळे तो कागदावरचा वाटतो. पाच, फुलाच्या लालला हात लावू नका. एक रंग जागेवर राहिला की बाकीचं उतरलेलं पटतं. सगळंच उतरवलं तर नुसता मळका फोटो दिसतो.

आणि प्रत्येक स्लायडर जिथे छान वाटेल, तिथून निम्मा मागे आणा. फोनवर रात्री बघताना जे सूक्ष्म वाटतं, ते सकाळी भडक दिसतं.

हे सगळं झालं. तरी एक प्रश्न उरतो आणि तो माझ्या आजीमुळे पडला. तिला एकाच जास्वंदाचे दोन फोटो दाखवले. पहिला साधा, खिडकीतल्या उजेडातला. आजी म्हणाली, ‘आज चांगलं मोठं आलंय रे.’ दुसरा विंटेज केलेला. तो हातात घेऊन ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘हे आमच्या जुन्या घराच्या मागचं का?’ आणि मग त्या झाडाबद्दल, विहिरीबद्दल, सकाळी फुलं कोण तोडायचं त्याबद्दल दहा मिनिटं बोलत होती.

फूल तेच. मी फक्त काळा थोडा करडा केला होता आणि पांढरा पिवळा. पण तिच्यासाठी फोटोचा काळच बदलला. वर्तमानाचा भूतकाळ झाला. तेव्हापासून मी ‘विंटेज’ला सजावट समजत नाही. ते एक विधान आहे, की ही गोष्ट आता नाही. कधी कधी तेच म्हणायचं असतं. घर सोडताना गॅलरीतल्या शेवटच्या फुलाचा फोटो, किंवा आजीलाच जुनं काही आठवावं म्हणून. तिथे करा, मनापासून करा. पण बाळाच्या बारशाची फुलं, पहिल्या पगारात घरी आणलेली शेवंती, आज सकाळीच उमललेलं फूल, यांना आजच जुनं करायची घाई का? ती होतीलच की आपोआप, वेळ आली की. आणि रोप विकायचं असेल किंवा झाड कुठलं ते कुणाला विचारायचं असेल, तर रंग खरेच ठेवा. तिथे उतरवलेला रंग म्हणजे चुकीची माहिती.

तर या आठवड्याचा गृहपाठ. एकच फूल, एकच खिडकी, पंखा बंद. तीन फोटो. पहिल्यात फूल भिंतीला टेकलेलं. दुसऱ्यात भिंत मीटरभर मागे. तिसरा दुसऱ्याचीच कॉपी, वरच्या पाच पायऱ्यांनी एडिट केलेली. तिन्ही घरातल्या कुणालातरी दाखवा. कुठला आवडला ते विचारू नका. ‘हा कधीचा वाटतो?’ असं विचारा, आणि ते काय बोलतात ते ऐका.

आणि कॅमेरा? माणसांचे फोटो लांबून काढायचे असतील, अंधाऱ्या हॉलमधलं नाटक टिपायचं असेल, तर त्या नाण्याएवढ्या भोकाला पर्याय नाही, घ्या जरूर. पण टेबलावरच्या जास्वंदासाठी ज्वारीचा दाणा पुरतो. ईएमआयचा पहिला हप्ता वाचला, असं समजून बाजारातून दहा-वीस रुपयांची फुलं आणा.

चला, आज इथेच थांबू. तुमचे फोटो पाठवा, फुलाचं नाव आणि खिडकीची दिशा तेवढी लिहा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत काळजी घ्या आणि पंखा परत चालू करायला विसरू नका!